मकबूलची चाल

"मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. नळाचं पाणी लवकर गेलं. दुपारी कमळाकरभाऊंची तालीम."

सकाळी वहीत एवढं लिहिलं, तरी खैरुन्निसाला जायचा कंटाळाच आला होता. पण कमळाकरांनी एकच चाल मित्रांच्या स्वभावांप्रमाणे वळवून वाद्यवृंदासाठी लिहिली होती आणि त्यात एक तुकडा तिच्या नवऱ्याचा होता. मकबूल जाऊन वर्ष झालं होतं. खारघरच्या हॉलमध्ये तुकडा वाजला. गोड होता, पण त्यात मकबूल काही तिला भेटला नाही.

"भाभी, कसा वाटला?"

"छान. पण हे कोणी दुसरेच गृहस्थ."

कमळाकर वादकांकडे वळले. "मधी जागा मोकळी ठेवली व्हती, ती भरली कोनी?"

"काका, आम्हाला वाटलं तुम्ही लिहायला विसरलात."

"विसरले नाहीत," खैरुन्निसा म्हणाली. "गोष्ट रंगात आली की आमचे हे मधेच बशीत चहा ओतून फुंकत बसायचे. आम्ही ताटकळत."

वादक हसले. पुन्हा वाजवताना त्या जागी सगळे थांबले. खैरुन्निसाही सवयीने थांबली, पुढचं ऐकायला किंचित वाकून.

"आता आले," ती म्हणाली आणि थकून खुर्चीला टेकली.

संध्याकाळी तिने वहीत लिहिलं, "दूध नासलं. चहा बिनदुधाचा घेतला."