प्रभुभोजनाचे पेले धुताना

देवाला माझा आवाज नकोसा झाला असावा, असं त्या वर्षी मला मनापासून वाटत होतं. २००५ सालची गोष्ट. आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहत होतो. माझा नवरा विनय एका तेल कंपनीत इंजिनिअर, आणि मुलगी रिबेका पाच वर्षांची. फेब्रुवारीत माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधीच निघाली, पण ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावली. शुद्धीवर आल्यावर बोलायला गेले तर तोंडातून नुसती हवा बाहेर पडली.

मी लहानपणापासून चर्चमध्ये गाणारी. अहमदनगरला वडील उपासनेत पेटी वाजवायचे आणि मी त्यांच्या शेजारी उभी राहून गायचे. मला डोळे मिटून, शब्द जुळवून प्रार्थना कधी नीट जमलीच नाही. माझी प्रार्थना म्हणजे गाणं. आता उरली होती एक घोगरी कुजबुज. दुकानात, बँकेत, फोनवर, सगळीकडे लोक म्हणत, "जरा मोठ्यानं बोला." विनय बिचारा दर वाक्याला "काय म्हणालीस?" विचारायचा आणि मग विचारल्याबद्दल ओशाळायचा. एकदा गाडीत मी रिबेकासाठी तिचं आवडतं गाणं म्हणायला घेतलं, तर ती कानांवर हात ठेवून म्हणाली, "आई, प्लीज स्टॉप. इट्स स्केरी." त्यानंतर मी तिच्यासमोर गायचा प्रयत्न केला नाही. प्रार्थनाही सुटली. जेवणाआधी विनय आभार मानायचा, तेव्हा मी ताटाकडे बघत बसायचे. कशाचे आभार?

ऑगस्टमधल्या एका रविवारी चर्चच्या दारातूनच मला आतलं गाणं ऐकू आलं आणि पाय पुढे जाईनात. डोकं दुखतंय असं सांगून मी विनयकडून किल्ली घेतली आणि गाडीत येऊन बसले. एसी लावला नाही. काचाही खाली केल्या नाहीत. टेक्सासच्या उन्हात बंद गाडीचं काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी काही ठरवून बसले होते, असं म्हणणार नाही. पण बाहेर पडायची इच्छाही नव्हती, हे आज कबूल करते. घाम पाठीवरून ओघळत होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

कोणीतरी काचेवर जोरात थापा मारल्या. पंचाहत्तरीच्या घरातली एक गोरी बाई, गळ्यात एप्रन. मी ओळखत नव्हते तिला. मी दार उघडलं तशी तिनं माझं मनगट धरलं. "चल आत. पेले धुवायला मला माणूस हवंय." मी कुजबुजून सांगू लागले की मला बोलता येत नाही. माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "मोठ्यानं बोललीस तरी उपयोग नाही. मला दोन्ही कानांनी कमीच ऐकू येतं."

तिला सगळे मिस रूथ म्हणत. तिनं मला चर्चच्या स्वयंपाकघरात बसवून आधी पाणी पाजलं, मानेवर ओला टॉवेल ठेवला. उपासना संपल्यावर प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घोटभर द्राक्षरस घेतलेले, इवलाले काचेचे पेले आले. ती एकेक पेला कोमट पाण्यात धुवायची, क्षणभर हातात धरायची, ओठ हलवायची आणि मग माझ्याकडे पुसायला द्यायची. घाई अजिबात नाही.

"काय म्हणता तुम्ही?" मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं.

"यातून जो कोणी प्यायला, त्याच्यासाठी थँक यू. एवढंच."

"आणि मनात काहीच नसलं तर?"

तिनं हातातला पेला खाली ठेवला. तिचा नवरा तीन वर्षं केअर होममध्ये होता आणि तिला ओळखत नव्हता, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. "रोज त्याला भरवते. कृतज्ञता वाटतेच असं नाही. मग मी फक्त बघते. हा चमचा. हे त्याचं तोंड. आज त्यानं गिळलं. तेवढं देवाला सांगते. बाकी मला झेपत नाही."

पुढचे कित्येक रविवार मी पेले पुसले. घरीही तसं करून पाहिलं. कणीक मळताना हाताला लागणारा ओलावा, रिबेकाचा एकच सापडलेला मोजा, विनयनं न सांगता भरून ठेवलेली पाण्याची बाटली. 'प्रभू, हे आहे' एवढंच कुजबुजायचे. बहुतेक दिवस ते शब्द कोरडेच असायचे. आवाज परत आला नाही. वर्षभरानं डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे फारशी आशा धरू नका, आणि त्या दिवशी मी बाथरूमचं दार लावून, आवाज न करता, पोटभर रडले.

त्यानंतरच्याच आठवड्यात विनय टूरवर होता. मी आणि रिबेका दोघीच जेवायला बसलो. ती म्हणाली, "आज मी प्रेयर करते." तिनं हात जोडले आणि अगदी हलक्या, घोगऱ्या कुजबुजीत सुरुवात केली, "थँक यू जीझस, वरणासाठी. थँक यू, आईसाठी." मला वाटलं, माझी नक्कल करतेय.

"अशी का बोलतेस गं?"

तिला प्रश्नच कळेना. "तू किचनमध्ये अशीच बोलतेस ना जीझसशी? ही इज राइट हिअर, आई. ओरडायचं कशाला?"

मी बोलत असताना ती कधी ऐकत होती, हे मला माहीतच नव्हतं. गळ्याचं दुःख अजून गेलेलं नाही; रविवारी पेटीचे सूर आठवले की आजही छातीत कळ उठते. पण देवानं माझ्याकडून काय काढून घेतलं याचा जाब विचारायचं मी हळूहळू सोडून दिलं. जे उरलं होतं, तेच त्याच्या हातात दिलं. त्या रात्री ताटासमोर मीही हात जोडले, रिबेकाच्या जवळ सरकले, आणि आम्ही दोघींनी कुजबुजत ती प्रार्थना पुरी केली.