कमरेएवढं जोतं

ओल्या मातीत कालवलेल्या भुशाचा वास आला की मला यमुनेकाठी भाजी पिकवणारी ती म्हातारी आठवते. नोएडातल्या आमच्या ऑफिसतर्फे तिला मातीचं घर बांधून द्यायचं होतं आणि नकाशा माझा होता. माझ्यासोबत चिखल तुडवताना ती म्हणाली, "बेटा, चबूतरा कमर तक उठाओ. पानी वहाँ तक आता है." मी हसून म्हणालो, "अम्मा, हमने सब देख लिया है." खरं तर उंच जोत्यावर घर बुटकं दिसलं असतं आणि मला फोटो चांगले हवे होते. जोतं गुडघ्याएवढंच राहिलं. त्याच पावसाळ्यात नदी चढली, भिंती खालून विरघळल्या आणि घर खाली बसलं. म्हातारी शेळ्या घेऊन वेळेवर निघाली म्हणून वाचली. मी भेटायला गेलो तेव्हा ती रस्त्याकडेला ताडपत्रीखाली बसली होती. ती शिव्या देईल असं वाटत होतं, पण तिनं माझा हात धरला. "बेटा, तेरी इतनी मेहनत बह गई," ती म्हणाली. परत येऊन मी रिपोर्टात कारण लिहिलं, 'अनपेक्षित पूर'. त्यातल्या 'अनपेक्षित' या शब्दाची मला आजही लाज वाटते.