दोन रिळं पाण्यात राहिलेली बादली

रविवारी सकाळी सव्वानऊला कुसुमचा फोन आला. "सर, आई गेली. काल संध्याकाळी." तीच पुढे म्हणाली, "टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला होता. शेवटची पाटी येईपर्यंत बसली. मग म्हणाली, बंद कर आता, झाला... आणि उशीवर मान टाकली." फोन ठेवला तर घड्याळाकडे लक्ष गेलं. याच वेळेला, रविवारी सकाळी, आमच्या चांद्याच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दाराचं कुलूप निघायचं आणि ते काढायची कुसुमची आई, अनसाबाई. अर्धवट सिनेमातून ही बाई कधी उठली नाही, तशीच गेली. तीन आठवडे झाले. मी नव्वदीला टेकलोय, माझ्या वयाचे रोजच कोणी ना कोणी जातात, पण हिच्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडेना. एका भर सभेत मी तिची नोकरी घालवायला निघालो होतो. तिने माझं शहाणपण उतरवलं आणि वर माझे डोळे दुरुस्त करून दिले, ती गोष्ट सांगायची आहे.

पन्नासच्या दशकातली ही हकीकत आहे. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. मी नागपूरहून बी.ए. होऊन इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलेलो, आणि नाक इतकं वर की ठेच लागल्याशिवाय जमीन दिसायची नाही. टॉकीजचे शेठजी धंद्यात हुशार. परदेशी चित्रपटांच्या प्रती नागपूरहून पॅसेंजरने स्वस्तात मिळायच्या, म्हणून त्यांनी रविवारी सकाळी तो खेळ सुरू केला. कोळसा खाणींचे साहेब, कागद गिरणीचे इंजिनिअर, दोन-चार वकील, आम्ही मास्तर आणि आमच्यापैकी कोणाकोणाच्या घरच्या बायका, एवढंच त्याला गिऱ्हाईक. जपानी असो की रशियन, खाली इंग्रजी ओळी यायच्या, त्या वाचत सिनेमा बघायचा. संपल्यावर मी उभा राहून तो 'समजावून' सांगायचो. दहा मिनिटं म्हणायचो आणि अर्धा तास घ्यायचो.

अनसाबाई मूलकडच्या तळ्याकाठच्या गावची. धानाची शेती थोडी आणि तळ्यातली मासेमारी, असं घर. नवरा तापाने गेला, दीर-जाऊ पोरीला शाळेतून काढून जाळ्याच्या कामाला लावायला निघाले, तेव्हा ही सहा वर्षांच्या कुसुमला कडेवर घेऊन चांद्याला निघून आली. शेठजींना बायकांच्या दाराला बाई हवीच होती. तेव्हा बायकांची बसायची जागा वेगळी, मध्ये पडदा, दार वेगळं. हातात बॅटरी, कमरेला दाराची चाबी आणि दाराजवळ एक लाकडी स्टूल. अक्षरओळख शून्य. पण लागलेला एकही सिनेमा तिने सोडला नाही, रविवारचेसुद्धा नाहीत.

आणि तिची मतं! पुढच्या खेळाला आलेल्या बायका तिकिटाआधी तिला विचारायच्या, "कसा हाय वो अनसाबाई?" ती एका वाक्यात निकाल लावायची. युद्धाच्या एका रशियन चित्रपटावर म्हणाली, "तोफा भल्ल्या उडवल्या. माय एकच डाव रडली, पन तेवढंच खरं." विलायती हवेलीतल्या भुतावर: "भूत चांगलं हाय. मानसं बेकार." एका फ्रेंच चित्रपटात नवरा-बायको जेवणाच्या टेबलावर पाऊण तास बोलतात. त्यावर मी बत्तीस मिनिटं बोललो होतो, माणसाचा एकाकीपणा वगैरे. अनसाबाई बाहेर म्हणत होती, "अन्न थंड होऊन राह्यलं ना बापा. दोघंई हात लावत नाई. तवाच समजाव, संसार आटपला." मला राग आला, कारण माझी बत्तीस मिनिटं तिने ताटावर उरकली होती. शेठजींना राग आला तो वेगळ्या कारणाने. तिचं वाईट मत झालं की बायका दारातूनच मागे फिरायच्या. शेवटी एके दिवशी त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, "अनसाबाई, मी तिकडे खिडकीवर तिकीट विकतो न् तू इकडून लोकांले वापस पाठवते. आता सिनेमावर एक शब्द काढला तर घरचा रस्ता." घरचा रस्ता म्हणजे दिराचं घर आणि कुसुमची शाळा बंद. हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. कुसुम एव्हाना हायस्कुलात, माझ्याच वर्गात होती.

त्यानंतरच्याच रविवारी तो जपानी चित्रपट आला. धान पिकवणारं खेडं, म्हातारा सासरा, नवरा परगावी गेलेली सून. सहा रिळं. सुरुवात साधी होती, पण तिसऱ्या रिळापासून सगळं विलक्षणच होऊ लागलं. आधी कापणी आली आणि सासरा मेलेला. मग तोच सासरा आजारी, अंथरुणाला खिळलेला. मग धानाची रोवणी आली आणि सासरा धडधाकट, चिखलात उभा! मी तर खुर्चीत ताठ होऊन बसलो. दिवे लागल्याबरोबर पुढे जाऊन उभा राहिलो आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "सज्जनहो, या दिग्दर्शकाने काळाला उलटं वाहायला लावलं आहे. दुःख माणसाला मरणाकडून जीवनाकडे मागे नेतं..." खाणीचे साहेब माना डोलावत होते. मी आणखी रंगात आलो.

तेवढ्यात बायकांच्या दाराकडून आवाज आला. "गुर्जी, ते बादली कुठी गेली होती?"

हशा पिकला. मी कपाळाला आठी घालून विचारलं, "कोणती बादली?"

"सुनेनं विहिरीत सोडली ते. दुसरं रीळ संपलं तवा दोर तिच्या हातात होता, बादली अर्ध्यात. अन् वर कवा आली? धान कापून झाल्यावर, म्हातारा मरून झाल्यावर. दोन रिळं बादली पान्यातच काऊन राह्यली? रिळं उलटी लागली जी."

"बाई, ती आठवण आहे. कलेत काळ असा मागे जाऊ शकतो."

"आठवन मांगं जाते, कबूल. मले बी येते. पन दोर हातात धरून कोनी जाते का?"

पुन्हा हसले लोक. पण या वेळी ते मला हसले, आणि तिथे माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते साठ वर्षं कुठे लिहिलं नाही, आज लिहितो. मी म्हणालो, "शेठजी, दारावरच्या बाईने सिनेमा समजवायचा असेल तर इथून पुढे मी येणार नाही." मी गेलो तर निम्मे साहेब जाणार, हे शेठजी जाणून होते. त्यांचा चेहरा उतरला. अनसाबाईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग कमरेची चाबी सोडली, शेठजींच्या समोर तिकिटाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "चला वर, रामय्याच्या खोलीत. मी खोटी निघाली तर चाबी वापस नोको." मला वाटलं होतं ती माफी मागेल. खरं सांगतो, मागावी असंच मला वाटत होतं.

ऑपरेटर रामय्या सिरोंच्याकडचा, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलणारा सज्जन माणूस. त्याची खोली म्हणजे लोखंडी शिडीवरची भट्टी. आम्ही चौघं त्यात कसेबसे मावलो. तो बिचारा कानकोंडा झालेला. म्हणाला, डब्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या होत्या तशी रिळं लावली. प्रत जुनी होती, गावोगाव फिरून रिळांच्या तोंडाच्या पट्ट्या झिजून तुटलेल्या, त्यामुळे आतला नंबर कुठे दिसत नव्हता. अनसाबाई म्हणाली, "दुसऱ्याची शेपटी काढ अन् पाचव्याचं तोंड." म्हणजे पाचवं म्हणून जे दाखवलं त्याचं. रामय्याने दोन्ही पट्ट्या खिडकीच्या उन्हात शेजारी शेजारी धरल्या. मी चष्मा पुसून पुढे वाकलो. एका पट्टीत सून विहिरीवर ओणवी, दोर तिच्या हातात. दुसऱ्या पट्टीत तीच सून, तोच दोर, तीच बाही वर खोचलेली आणि विहिरीत अर्ध्यावर बादलीची कडी. मध्ये एका श्वासाचंही अंतर नव्हतं. रामय्या हळूच म्हणाला, "अम्मा... तूच बरोबर." कुठल्या तरी गावात तिसऱ्या न् पाचव्या डब्याच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. माझा उलटा वाहणारा काळ म्हणजे चिकटवणाऱ्याचा गोंधळ होता. हातच्या काकणाला आरसा कशाला? मी साफ तोंडघशी पडलो होतो.

खाली आल्यावर शेठजींनी टेबलावरची चाबी उचलून स्वतः तिच्या हातात दिली. दुसरी बाई असती तर तिथेच रडली असती नाहीतर मला चार शब्द सुनावले असते. ही म्हणाली, "मंग लावा ना आता बरोबर. लोकं बसूनच हाय." शेठजी म्हणाले, तीनचा खेळ आहे. "तीनले लय वेळ हाय," म्हणाली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. एकही माणूस उठला नव्हता.

मी पुढे जाऊन सगळ्यांसमोर कबूल केलं की अनसाबाई बरोबर आणि मी चूक. माझं आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण तेच. जागेवर परतताना ती हलकेच म्हणाली, "बसा गुर्जी. अन् आता वाचू नका. तुमी खालती वाचत रायता, म्हनून तुमाले वरचं दिसत नाई." मी ऐकलं. खालच्या ओळींकडे पाहिलंच नाही. तिसरं रीळ सुरू झालं, दोर ताणला गेला, आणि बादली वर आली... काय सांगू, सगळ्या टॉकीजने टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूने शिट्टीसुद्धा आली. मग रोवणी झाली, म्हातारा खंगत गेला, पीक पिवळं झालं आणि कापणीला त्याची जागा बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रिकामी राहिली. सून त्या जागेला वळसा घालून कापते. त्याच सकाळी हाच प्रसंग मी पाहिला होता आणि त्यावर व्याख्यान देत होतो. आता मी रडलो, रुमाल तोंडात धरून रडलो.

दुसऱ्या आठवड्यात शेठजींनी टॉकीजच्या दाराशी एक काळा फळा लावला. वर रंगाने लिहिलं, 'अनसाबाई काय म्हणते?' रविवारचा चित्रपट सोमवारी दुपारी फक्त बायकांसाठी दाखवू लागले. रविवारी खेळ सुटला की अनसाबाई सांगायची आणि कुसुम खडूने लिहायची, आईच्या बोलीत, जसंच्या तसं. मी शुद्धलेखन सुधारायला गेलो तर कुसुमने खडू पाठीमागे लपवला. 'डोकं दुखलं, पन घोडे पाहून घ्या.' 'दीपस्तंभावरच्या मानसाले कोनीतरी गरम जेवन द्या.' 'हिरो मेला, बरं झालं.' वाईट मतालाही गर्दी व्हायची, खरंच इतका वाईट आहे का ते बघायला! धान रोवणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बायका डोक्यावरची टोपली बाहेर ठेवून पोलंडचा चित्रपट बघत बसल्या होत्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. नागपुरातही तेव्हा असं काही नव्हतं. कुसुम त्या फळ्यावर लिहीत लिहीत मॅट्रिक झाली, पुढे शिक्षिका झाली आणि हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली. मी मात्र रविवारची भाषणं सोडली ती सोडलीच.

टॉकीज केव्हाच बंद झाली. अनसाबाई लेकीकडे भद्रावतीला होती. दिवाळीनंतर मी एस.टी.ने भेटायला गेलो होतो. लहानशी झाली होती, पण नजर तशीच. चहा घेता घेता मी चेष्टेने विचारलं, "अनसाबाई, इतक्या सिनेमांवर मत दिलं, स्वतःच्या सिनेमावर काय म्हणता?" तिने कप खाली ठेवला. "माह्यी तर रिळंच उलटी लागली, गुर्जी. रडनं सारं पयले होऊन गेलं, मजा मागून आली." मग माझ्या हातावर थाप मारून हसली. "राहू द्या तशीच. रामय्याले सांगू नका."

दिवसांच्या कार्याला गेलो तेव्हा कुसुमने मला अनसाबाईची बॅटरी दिली. बाकावर ठोकून ठोकून गप्पिष्टांना गप्प करायची, त्याने एका बाजूला चेपलेली. ती आता माझ्या टीव्हीजवळ असते. रविवारी सकाळी साडेनऊला मी परदेशी चित्रपट लावतो आणि नातीकडून खालच्या ओळी बंद करून घेतो. परवाच्या चित्रपटात कुठल्याशा देशातले नवरा-बायको टेबलाशी बसून खूप वेळ बोलत होते. नात म्हणाली, "आजोबा, ओळी लावू का? काय बोलतायत ते कळत नसेल तुम्हाला." मी त्यांच्या ताटांकडे पाहत होतो. आणि नागपूरचा बी.ए., चाळीस वर्षं शुद्ध भाषेचा आग्रह धरलेला हा मास्तर बोलून गेला, "राहू दे. अन्न थंड होऊन राह्यलं ना बापा."