एका हाताचं सूप

आमच्या खांदेश्वरच्या सोसायटीत जाधवकाकींच्या घरी पाकिटातला मसाला न्यायची कुणाची हिंमत नव्हती. माझ्या ओट्यावर आलं-लसूण पेस्टची बाटली दिसली, की त्या ती उचलून उजेडात धरत आणि विचारत, "हे कुनाच्या हातचं गं?" चिपळूणकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या काकींनी सरकारी कचेरीत नोकरी केली, पण वाटण कायम घरीच वाटलं. काका गेल्यावर एकटीसाठीसुद्धा त्या साग्रसंगीत स्वयंपाक करत. मी समोरच्या दारातली, त्यामुळे त्यांचं कालवण माझ्याकडे यायचंच.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, पण उजवा हात परत आला नाही. इस्पितळातून घरी आल्या तेव्हा तो मांडीवर पडून असायचा आणि त्या त्याच्याकडे बघायचं टाळत.

मुलगा प्रशांत पुण्याला. स्वभावाने चांगला, आईवर जीव असलेला. महिनाभर राहिला आणि जाताना म्हणाला, आता तू एकटीने राहायचं नाहीस, सुट्टी मिळाली की न्यायला येतो. डबा लावते, असं काकींनी सांगून पाहिलं. त्याला ते पटलं नाही. त्याचंही चूक नव्हतं.

तो गेल्यावर काकी माझ्या दारात आल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुनीता, ते तुजं बर्फातलं मटार-गाजर मिळतं ना, ते आन. आनि सुपाचं पाकीट."

पहिल्या दिवशी त्यांनी पावडर थेट उकळत्या पाण्यात टाकली. नुसत्या गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ढवळताना पातेलं शेगडीवर फिरलं आणि निम्मं सूप ओट्यावर सांडलं. मी धरायला पुढे झाले, तर त्यांनी कोपराने मला मागे सारलं. "तू धरलंस तर ते तुजं सूप झालं." मग त्यांनी जड बुडाचा कुकर काढला. तो हलत नव्हता. पाकीट दातांत धरून कात्रीने कापायचं, पावडर गार पाण्यात कालवायची. कुकरमध्ये थोडं तेल, बाटलीतली पेस्ट, गोठवलेल्या भाज्या, खोक्यातली टोमॅटो प्युरी, वर पाणी. भाज्या शिजल्या की कालवलेली पावडर ओतायची, ढवळत राहायचं, शेवटी मिरपूड. कुकर उचलता येत नसे, म्हणून डावाने एकेक वाटी भरायची. असं त्या रोज करत राहिल्या. कधी कधी मधेच थांबून भिंतीला टेकत.

प्रशांत गाडी घेऊन आला. काकींनी त्याला बसवलं आणि ओट्याशी गेल्या. तो उठायला लागला, तशी त्यांनी मागे वळून फक्त पाहिलं. तो परत बसला. आई दातांनी पाकीट धरते आहे, हे तो बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

वाटी समोर आली. तो म्हणाला, "आई, पाकिटातलं? तू?"

"कापायला हात नाय," काकी म्हणाल्या. "ढवळायला हाय."

त्याने सूप संपवलं. रिकामी वाटी पुढे केली आणि म्हणाला, "अजून वाढ." संध्याकाळी तो एकटाच पुण्याला गेला. खाली गाडीत बसण्याआधी त्याने माझा नंबर पुन्हा एकदा तपासून घेतला.

पुढची काही वर्षं काकी त्यांच्याच घरात राहिल्या. एकदा बाथरूममध्ये पडल्या, तेव्हा प्रशांतने त्यांना कायमचं न्यावं का, याची पुन्हा चर्चा झाली. त्याने फोनवर मला एवढंच विचारलं, "आज स्वतः केलं का काही?" केलं, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "मग राहू दे तिथंच."

एका दुपारी काकी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या. सोसायटीच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, त्यांच्या नोकरीबद्दल, शिस्तीबद्दल. शेवटी प्रशांत उभा राहिला.

"आईसाठी मी फार काही केलं नाही," तो म्हणाला. "न्यायला आलो होतो, आणि न नेता परत गेलो. तेवढंच केलं."