इंजिनाला सोमवार

'पाणी वाचवा' असं भिंतीवर रंगवलेलं दिसलं की माझं डोकं उठतं. भिंतीला काय सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना माझ्या आईनं सांगून झालंय. हात जोडून सांगितलं, हसवून सांगितलं, त्यांच्याच रीतीभातीत बसवून सांगितलं. आणि त्यांनी ऐकलंसुद्धा, त्याचंच तर दुःख आहे.

तेरच्या वरच्या अंगाला आमचं गाव. बाहत्तरच्या दुष्काळात गावाच्या डोक्याशी पाझर तलाव झाला. आईनं तिथं मातीच्या पाट्या वाहिल्या. मी लहान, कामावर खायला सुकडी मिळते म्हणून तिच्या मागं मागं जायची. तिच्या डोक्यावरची चिंध्यांची चुंबळ घामानं काळीठिक्कर पडली होती. काम संपलं तरी तिनं ती टाकली नाही, खुंटीला अडकवून ठेवली. ह्या तलावातलं पाणी उपसायचं नाही, ते मुरून खालच्या विहिरींना लागलं पाहिजे, असं कामावरच्या साहेबानं सगळ्यांना बजावलं होतं. आणि खरंच, तलाव भरला तशी आमच्या बौद्धवस्तीतल्या आडाला पाणी लागलं.

त्या आडाचं मोल आता कुणाला कळायचं नाही. त्याआधी गावाच्या विहिरीवर जायचं म्हणजे काठापासून लांब घागर ठेवून उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून ओतणार. धम्म घेतला, देव सोडले, पण ते उभं राहणं सुटलं नव्हतं. आडानं ते सोडवलं. पहिली घागर आपल्या हातानं शेंदून आणली तेव्हा आई चुलीपाशी बसून रडली होती.

मग साखर कारखाना झाला. सोसायटीनं पाणी उपसायची इंजिनं दिली. कळंबहून ट्रॅक्टरवर लादून ती वाजतगाजत आली आणि थेट तलावाच्या काठावर बसली. साहेबाचं बजावणं कोण लक्षात ठेवतो? ज्वारी-करडईच्या रानात ऊस उभा राहिला आणि आमचा आड होळीच्या आतच तळ दाखवायला लागला.

आई सोसायटीच्या चेअरमनकडं गेली. गावात सगळ्यात जास्त ऊस त्याचाच. माणूस तसा हसतमुख. "अगं, तलाव तर भरलाय की! त्येला काय धाड भरली?" म्हणाला आणि चहा पाजून पाठवून दिलं. चहाचा कप अर्थातच वेगळा.

पुढच्या वर्षी येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं गाव शिवारात जेवतं, भज्जी आणि आंबील, कुणाला नाही म्हणायचं नाही. बैलांना जू नाही. इंजिनं चालवायला माणूसच नाही म्हणून तीही गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बायका आडावर गेल्या आणि बघतात तर काय, आदल्या दिवशी उघडा पडलेला दगड पाण्याखाली! सगळ्यांचा एकच गलका झाला. आई तशीच, ओला दोर हातात घेऊन, पाराकडं निघाली. तिथं सोसायटीची बैठक चालू होती.

"चेअरमनसाब, अमुशाला बैल जुंपता का?"

"न्हाय बा."

"आन् सोमवारी?"

"सोमवारी कसं जुंपावं? महादेवाचा वार हाय."

"मंग इंजिनानंच काय घोडं मारलंय? त्येला बी सुट्टी द्या की. काल एक दिस गप बसलं तर आमचा आड चढला. चला, बघा डोळ्यांनी."

पार खदखदून हसला. पण चेअरमन उठला, आमच्या वस्तीत आला आणि आडात वाकून त्यानं बघितलं. मग ठरलं. दर सोमवारी आणि अमावस्येला इंजिन बंद. नारळ फुटला.

वस्तीत मात्र आईला बोलणी बसली. तिचे चुलत सासरे कडाडले, "देव सोडून आलाव आपण, आन् तू अमुशा पाळायला सांगतीस व्हय?"

"मला कुठं देव पायजे, मामा," आई म्हणाली, "मला पाणी पायजे."

गावानं सोमवार असा पाळला की विचारू नका. इंजिनाला हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार. बाप रे, काय थाट! नंदीबैलच जणू. तो एक दिवस शिवार शांत असायचं आणि आई आडापाशी नुसती बसून राहायची. पण सोमवारी बंद म्हणून रविवारी रात्रंदिवस उपसा, आणि मंगळवारी तांबडं फुटायच्या आधी धडधड सुरू. आता नेम केलाय, पाणी टिकणारच, म्हणून ज्यांनी ऊस लावला नव्हता त्यांनीही लावला. नेम पाळला की पुण्य पदरात पडलं, पाण्याचं कोण बघतो!

त्याच्या पुढच्या वर्षी तलाव संक्रांतीलाच आटला. आई पुन्हा पारावर गेली. ह्या खेपेला चेअरमन हसला नाही. चांगलाच दुखावला होता.

"एक तरी सोमवार मोडला का आमी? तूच सांग."

एकही मोडला नव्हता. आई खाली मान घालून परत आली. मला इतका संताप आला होता की पारावर दगड भिरकवावेत असं वाटलं. भांडायचं तरी कुणाशी? तिचं मागणं तर पुरं झालं होतं.

आड कोरडा पडला. वस्तीतल्या बायका एकेक करून घागर घेऊन गावाच्या विहिरीकडं जायला लागल्या, लांब उभ्या राहायला. आई गेली नाही. नाल्यात झरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरलं, उन्हाळा काढला. पण पुढचा पावसाळा अर्धामुर्धाच झाला. तलावात साठलं ते दसऱ्याच्या आतच इंजिनांनी ओढलं, आणि आडाच्या तळाला ओलसुद्धा आली नाही.

"म्या काय त्या काठावर परत हुबी ऱ्हाणार न्हाय," आई म्हणाली. "त्यापरीस कोयता बरा."

दिवाळी झाली तशी आम्ही ऊसतोडीच्या टोळीत नाव घातलं. गाव सोडायच्या आधी टोळीच्या वाट्याला पहिलं रान आमच्याच शिवारातलं आलं, तलावाच्या काठचं, चेअरमनचं. आईनं खुंटीवरची चुंबळ काढून आणली होती. दिवसभर तोडलं. संध्याकाळी ट्रक आला, फळी लागली. आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवर चढायला लागली आणि मध्येच थांबली. मला वाटलं तोल गेला. मी खालून ओरडले, "आई, काय झालं गं?"

तिला मान वळवता येत नव्हती. समोर बघतच म्हणाली, "लई जड हाय गं. आपला आड हाय ह्यात."

मागच्या बाईनं "चल की पुढं" म्हणून हाक दिली, आणि आई वर चढली.