सहीपुरतं बोलावणं

खोडाळ्याहून कसाऱ्याला निघालेल्या जीपमध्ये बाबांनी माझी बॅग मांडीवर घेतली होती, टपावर धूळ बसेल म्हणून. मी नर्स होऊन जर्मनीला निघाले होते. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या लेखी जर्मनी म्हणजे व्हर्सायचा तह. निरोपाचं बोलायचं सोडून ते तेच घेऊन बसले. "पहिल्या महायुद्धात हरले, तर त्यांना चर्चेला बसवलंच नाही. अटी ठरवून फक्त सहीला बोलावलं. सही नाही केली तर सैन्य आत घुसणार, असा दम. अशानं शांतता नांदत नसते, पोरी." जीपमधल्या बायका बघत होत्या. मला लाज वाटत होती. स्टेशनवर मात्र "वेळेवर जेवत जा," एवढंच म्हणाले.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, इथे आल्यावर मला तो धडा पुन्हा शिकावा लागला.

पोलंडच्या सीमेजवळच्या एका आल्टनहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासात, मी काम करते. तिथे हेल्गाआजी आहेत. दुसरं महायुद्ध संपल्यावर जिंकलेल्या देशांनी एकत्र बसून जर्मनीची सीमा ओडर नदीपर्यंत मागे ढकलली. आजींचं गाव पलीकडे, पोलंडमध्ये गेलं. सैनिक दारात आले तेव्हा त्यांच्या आईने पाव भट्टीत घातलेले होते. ते तसेच टाकून निघावं लागलं. "युद्ध आमच्याच माणसांनी पेटवलं, मी नाकारत नाही," त्या एकदा मला म्हणाल्या. "पण मी तेव्हा पाढे शिकत होते."

खूप वर्षांनी त्या घर बघायला गेल्या होत्या. तिथे राहणाऱ्या पोलिश बाईने दार उघडलं, सगळ्या खोल्या दाखवल्या. तिच्या माणसांनाही त्याच वाटणीत आणखी पूर्वेकडून हाकललं होतं. निघताना तिने अंगणातल्या झाडाच्या नाशपात्या पिशवीत भरून दिल्या. झाड आजींच्या आजोबांनी लावलेलं. "मी तिला थँक्यू म्हटलं," आजी म्हणाल्या. "आपल्याच झाडाच्या फळांसाठी. तिचा राग करता आला असता तर बरं झालं असतं."

मी त्यांचे पाय पुसत होते. मला तेव्हा ते फारसं टोचलं नाही. दुसऱ्याचं दुःख होतं.

मग बाबा गेले. वर्षश्राद्धाला मी सुट्टी काढून घरी आले, तर धाकट्या भावाने, विलासने, हक्कसोडीचा कागद तयार ठेवला होता. घर आणि सगळी जमीन त्याच्या नावावर.

"हे बोलणं झालं कधी?" मी विचारलं.

"झालं की. काका, मामा, आम्ही सगळे बसलो होतो."

"मला एक फोन?"

"ताई, तू तिकडची झालीस. तू काय नागली लावायला येणारेस?"

माळावरचा नागलीचा तुकडा तेवढा माझ्या नावावर राहू दे, म्हटलं. तिथे बाबा बांधावर बसून पेपर तपासायचे. विलासने आईकडे पाहिलं. बोलली ती आई. चुलीपाशी बसून, माझ्याकडे न बघता. "सही करून टाक, पोरी. तू चार दिवसांनी विमानात बसशील. मला याच्याच दारात मरायचंय."

दुसऱ्या दिवशी जव्हारला कचेरीत जाऊन मी सही केली, अंगठाही दिला. बाहेर आल्यावर विलासने साडीचोळी हातात ठेवली. रीत आहे. मी घेतली. त्याला वाईट वाटत होतं, हे मला दिसत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता.

घर म्हणजे काय, असं इथल्या मैत्रिणी विचारतात. आम्ही सगळ्या कुठून कुठून आलेल्या, केरळच्या, फिलिपिन्सच्या. मी खोडाळा सांगते. तिथली थंडी सांगते, घाट सांगते. एक गोष्ट सांगत नाही. यंदा मी घरी गेले तेव्हा विलासची बायको पदराला हात पुसत बाहेर आली, माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा ना, ताई." चांगल्या मनाने म्हणाली. त्या घरात मला आजवर कोणी 'बसा' म्हटलं नव्हतं. मी बसले.