मेहरुन्निसाभाभींचा हसरा चेहरा

छावणीत आमच्या भिंतीला भिंत लागून मेहरुन्निसाभाभी राहतात. बायकांचे कपडे शिवतात. तोंडानं गोड, पण हट्टाच्या पक्क्या. अंगात ताप असला तरी कुणी हाल विचारले की एकच उत्तर, "अल्लाह का शुकर हय." रडगाणं गायलं तर देणाऱ्याचा अपमान होतो, असं त्यांच्या आईनं शिकवलेलं.

विद्यापीठात मानसशास्त्र शिकणारी मोनिका त्यांच्याकडे ड्रेस शिवायला आली आणि त्यांच्या मोबाईलवर एक खेळ टाकून गेली. माणसं एकमेकांशी कशी वागतात, त्यांचं मन कसं असतं, याचा अभ्यास म्हणे; कोण कसं खेळलं ते तिला दिसायचं. खेळात एक विहीर. पाणी काढायचं, आपल्या झाडांना घालायचं, हवं तर दुसऱ्या खेळणाऱ्यांना द्यायचं. शेवटी प्रश्न, आज मन कसं आहे? खाली रडक्यापासून हसऱ्यापर्यंत चेहरे, त्यातला एक दाबायचा.

"खेळून का मन कळतं व्हय? रिकामे धंदे!" मी तोंडावर बोलले. मोनिका नुसती हसली. भाभी मात्र रंगल्या. स्वतःची झाडं वाळली तरी पाणी दुसऱ्यांनाच देत.

मग त्यांचे मालक, कय्युमभाई, अचानक गेले. चाळिसावा झाला, मुलगी लाइबा फर्दापूरला सासरी परतली. नवरा गेल्यावर पाळायची भाभींची इद्दत चालू, त्यामुळं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडणं नाही. मशीन बंद. मी डबा द्यायची, तो तसाच परत यायचा. विचारलं की, "शुकर हय." बाई डोळ्यांदेखत खंगत होती आणि मला काही सुचत नव्हतं.

एका दुपारी मोनिका दारात उभी. मी तिथंच होते.

"चाची, तुम्ही रोज हसरा चेहरा दाबता. पण खेळात कितीतरी दिवसांत कुणाला थेंबभर पाणी दिलं नाही. तुम्ही अशा नाही. मला राहवेना, म्हणून आले."

भाभी म्हणाल्या, "कुणी हाल विचारल्यावर रडकं तोंड कसं दाबू, बेटा? नाशुक्री होते, देणाऱ्याचे उपकार विसरल्यासारखं."

"दुआ मागताना अल्लाहला सांगता ना, दुखतंय म्हणून? मग आम्हालाही सांगा."

भाभींना हुंदका फुटला. जनाजा निघाला तेव्हाही न रडलेली ती बाई मोनिकाचा हात धरून लहान पोरीसारखी रडली. मोनिकानंच पुढं मनाच्या डॉक्टरांशी गाठ घालून दिली. हळूहळू घास पोटात जायला लागला. ज्या खेळाला मी नाक मुरडलं, त्यानं माझी शेजारीण वाचवली. त्या पोरीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

परवा भिंतीपलीकडून हाक आली, "आशाबाई, आज मन लई खराब हय. येता का जरा?"

तव्यावरची भाकरी तशीच टाकून मी पळाले. शेजारीण रडायला बोलावते म्हणून कुणी एवढं खूश होतं का? मी झाले.